चालक, एक

आमच्या कक्षात बदली झाली की माणसं एकमेकांचं सांत्वन करत. सरकारच्या बाकीच्या खात्यांत लोक पैसे मागायला येतात. आमच्याकडे आम्हीच मागायचे, तेही दुसऱ्या देशांच्या सैन्यांकडे, आणि तेही गोड बोलून. आपल्या सैन्याने कधी त्यांच्या तुकड्यांना इंधन दिलेलं असे, कधी पीठ, कधी तंबू. त्यांच्या जहाजांत पाणी भरलेलं असे, त्यांच्या जवानांचे कपडे धुऊन इस्त्री करून दिलेले असत. रसद करारात स्वच्छ लिहिलं होतं की साठ दिवसांत पैसे चुकते करायचे. साठ दिवस उलटले की फाईल आमच्या तिसऱ्या मजल्यावर येई आणि मग तिथेच म्हातारी होई. मित्रदेश म्हटल्यावर दरडावता येत नाही. मी रुजू झालो तेव्हा एका मित्रदेशाने चादरी धुण्याचे पैसे नऊ वर्षं थकवले होते, आणि त्यांच्या प्रत्येक उत्तरात आमच्या प्रकृतीची आस्थेने चौकशी असे. माझी तर चिडचिड होई. माझा स्वभावच तसा आहे, कुणी गोड बोलून फसवलं की माझं डोकं फिरतं.

या सगळ्या फाईली ज्यांना तोंडपाठ होत्या, त्या बाई. इमारतीत चाळीस-पन्नास बायका कामाला होत्या, पण नुसतं 'बाई' म्हटलं की आमच्याच बाई. वय पन्नासच्या पुढे, अंगाने काटकुळ्या, नवरा लग्नानंतर चार वर्षांतच गेलेला, मूलबाळ नाही, घरी म्हातारी आई. कागद हातात आला की आधी खालची बेरीज बघायची आणि मग वर चढत जायचं, अशी त्यांची वाचायची पद्धत. बढती त्यांनी तीनदा नाकारली होती. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "वरच्या मजल्यावर वारा फार येतो." आता वरचा मजला म्हणजे काय डोंगर होता? पण बाईंनी एकदा विषय संपवला की तो संपला, पुढे ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत. त्या वीस वर्षांपूर्वी स्वतः अर्ज करून या कक्षात आल्या होत्या, असं शिपायाने मला सांगितलं. स्वतःहून! मला वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालेला असणार.

त्या बाकी सगळ्या फाईली मला हाताळू देत. एकच फाईल स्वतःच्या कपाटात ठेवत. ती होती डोंगरापलीकडच्या छावणीची.

प्रकरण साधं होतं. खिंडीच्या पलीकडे भागीदार सैन्याची एक सराव छावणी होती. आपल्या डेपोने तिला तीन वर्षं इंधन आणि पीठ पुरवलं. शेवटचा टँकर डेपोतून निघाला, त्याची नोंद आहे. खिंडीतल्या नाक्यावरून पुढे गेला, त्याचीही आहे. त्यानंतर टँकर नाही आणि चालकही नाही. छावणीने हात वर केले: टँकर आमच्याकडे आलाच नाही. डेपोने चौकशी करून निष्कर्ष काढला की चालकाने वाटेत इंधन विकलं आणि पळ काढला. त्याच्या नावापुढे 'फरार' लिहिलं गेलं आणि टँकरची किंमत त्याच्या शिल्लक पगारातून आणि घरच्यांच्या हक्काच्या पैशातून कापून घेतली.

इथपर्यंत काही नवल नाही, असली प्रकरणं मी पुष्कळ पाहिली. नवल होतं ते त्यांच्या तिमाही पत्रकात. दर तीन महिन्यांनी प्रत्येक भागीदाराकडून एक पत्रक येई. डावीकडे ते आपल्याला देणं लागत असलेली रक्कम, उजवीकडे वजावट, म्हणजे त्यांनी आमच्या माणसांवर केलेला खर्च. या छावणीच्या पत्रकात उजवीकडे एक ओळ होती. 'चालक, एक. भोजन व निवास. दिवस ९२.' पुढच्या तिमाहीला 'दिवस ९०'. त्यापुढच्या 'दिवस ९१'. कॅलेंडर बघून लिहावं तसं.

"बाई, हे काय?" मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं. "आपला कुणी माणूस तिकडे आहे का?"

"आपण आक्षेप घेतलाय त्या ओळीवर," बाई म्हणाल्या. "दर तिमाहीला घेतो. पुरावा पाठवा म्हणून लिहितो."

"मग ते पाठवत नाहीत?"

बाईंनी कपाटाचा खालचा खण उघडला. आत चिठ्ठ्यांचे गठ्ठे होते, दोरीने बांधलेले, वीस वर्षांचे. तळहाताएवढ्या पिवळ्या चिठ्ठ्या, रोजची एक. तारीख, सकाळचं जेवण, संध्याकाळचं जेवण, आणि खाली जेवणाऱ्याची सही. गठ्ठ्यांना धुराचा वास येत होता. विझलेल्या चुलीतल्या ओल्या राखेसारखा. मी एक चिठ्ठी उचलली आणि लगेच खाली ठेवली. ती कोमट होती. खिडकीतून ऊन येत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खिडकी उत्तरेला आहे.

करारातली गोम अशी की एका जरी ओळीवर वाद असला, तरी संपूर्ण खातं उघडं राहतं आणि कुणी कुणाला एक पैसा द्यायचा नाही. बाई दर तिमाहीला आक्षेपाचं पत्र धाडत, पुराव्याच्या चिठ्ठ्या येत, बाई त्यात काहीतरी नवी खोट काढत, आणि खातं भिजत घोंगड्यासारखं पडून राही. मला वाटे, एवढी हुशार बाई, आणि हिला हे एक खातं मिटवता येत नाही!

वजावटीत इतरही बारीकसारीक बाबी येत. महिन्यातून एकदा न्हावी. दोन वर्षांनी एकदा बूट, आठ नंबर. एकदा 'खिडकीची काच, एक' अशी नोंद आली, तेव्हा बाई कागदाकडे बघून पुटपुटल्या, "अजून तसाच आहे, एक वस्तू धड ठेवणार नाही."

"कोण?" मी विचारलं.

"कुणी नाही. तू चहा सांग."

एकदा 'दाढ काढणे, एक' आणि त्याखाली 'मऊ भोजन, चार दिवस'. एकदा 'औषधोपचार, अकरा दिवस'. त्या दिवशी बाईंनी डबा उघडलाच नाही. पुढच्या तिमाहीचं पत्रक यायला चार दिवस उशीर झाला, तर त्यांनी टपाल विभागात जाऊन तिथल्या कारकुनाला असं काही झापलं की तो बिचारा दुसऱ्या दिवशी रजेवर गेला. पत्रक आलं. 'भोजन व निवास, दिवस ९२.' बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी डबा उघडला. आणि एकदा, मी तिथे दोन वर्षं काढल्यावर, ओळ आली: 'चष्मा, वाचनाचा, एक.' बाई हसल्या. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. "घ्या," त्या म्हणाल्या, "चाळिशी लागली."

माझ्या मनात पाल चुकचुकली होती, नाही असं नाही. पण ऑफिसात माणूस दुसऱ्याच्या कपाटात फार डोकावत नाही.

त्या वर्षीच्या हिशेब जुळवणीला भागीदार सैन्याचा संपर्क अधिकारी आमच्याकडे आला. उंच, शांत माणूस. तरुणपणी चार वर्षं आपल्या सैनिकी शाळेत शिकलेला, त्यामुळे आपली भाषा आमच्या मोठ्या साहेबांपेक्षा बरी बोलायचा. बाई नेमक्या चहाचं बघायला बाहेर गेल्या होत्या. मी त्याला सहज विचारलं, "तुमच्या छावणीत हल्ली किती माणसं असतात?"

"कुठल्या छावणीत?"

"डोंगरापलीकडच्या."

"ती बंद आहे," तो म्हणाला. "चौदा वर्षं झाली. मीच बंद केली. कुलूप मी लावलं, किल्ली अजून माझ्या टेबलात आहे."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक होतेय. मी पत्रक काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"आमच्या मुख्य ठाण्याच्या फाटकात दर तिमाहीला एक थैली सापडते," तो म्हणाला. "सकाळी पहारा बदलताना. आत चिठ्ठ्या असतात. आम्ही बेरीज करतो आणि तुम्हाला पाठवतो. सरकारी कागद आहे, फेकता येत नाही."

"पण तिथे जाऊन कुणी बघितलं नाही?"

"एकजण गेला होता."

"मग?"

"आल्यावर त्याने बदली मागून घेतली. म्हणाला, कुलूप तसंच आहे, आत गवत वाढलंय, आणि एका खोलीत अंथरूण नीट घडी करून ठेवलेलं आहे." त्याने पत्रक माझ्याकडे सरकवलं. "तुमच्या बाईंना सांगू नका हे मी बोललो म्हणून. त्यांची पत्रं मी बावीस वर्षं वाचतोय. मी लहान हुद्द्यावर होतो तेव्हापासून."

बाई चहा घेऊन आल्या आणि आम्ही दोघंही मूग गिळून बसलो. त्याने चहा घेतला आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या प्रकृतीची चौकशी केली.

त्यानंतर चारच महिन्यांत सरकारची समिती बसली. परदेशी सैन्यांकडे आपली किती रसद-रक्कम थकली आहे, याचा आकडा कुणीतरी सभागृहात वाचून दाखवला होता आणि गदारोळ झाला होता. हुकूम निघाला: पाच वर्षांपेक्षा जुनं प्रत्येक खातं पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारपर्यंत मिटलं पाहिजे. देखरेखीला एक तपासणी अधिकारी मॅडम आल्या. पस्तिशीच्या, कामाला वाघ, कागदावरून नजर फिरवली की चूक अशी उचलायच्या की आमच्या तोंडाला फेस यायचा. त्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी छावणीची फाईल मागितली. बाईंनी ती दिली, पण दोन्ही हातांनी, आणि सोडायला जरा वेळ लावला.

"टँकर पोचलाच नाही म्हणतात," मॅडमनी पाचच मिनिटांत डोकं वर काढलं, "आणि त्याच टँकरचा चालक त्यांच्याकडे जेवतोय? हे जमतं कसं?"

त्यांनी डेपोतून चालकाचं सेवापुस्तक मागवलं. त्यातली सही आणि चिठ्ठीवरची सही शेजारी शेजारी ठेवली. तीच. शेवटचं अक्षर खाली ओढून त्याला मारलेली गाठ, तीसुद्धा तीच, फक्त नव्या चिठ्ठ्यांवर जरा थरथरलेली. मॅडमचा चेहरा उजळला. "वजावट मान्य करा. मान्य केली की आपोआप सिद्ध होतं, चालक पोचला, म्हणजे टँकर पोचला. टँकरचे पैसे त्यांनी दिले पाहिजेत. तीन वर्षांच्या इंधनाचे, पिठाचे, सगळेच. त्यातून एका माणसाचं जेवण वजा गेलं तर गेलं. शिवाय तो फरार नव्हता हेही ठरेल. घरचं कुणी असेल तर त्यांचे कापलेले पैसे परत मिळतील. बाई, हे तुम्हाला बावीस वर्षं कसं सुचलं नाही?"

बाई उठल्या आणि जिन्यावर गेल्या. मी मागोमाग गेलो. त्या कठड्याला धरून उभ्या होत्या.

"तो माझा धाकटा भाऊ," त्या म्हणाल्या. "गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं, म्हणून इथे कुणाला कळलं नाही. मी मुद्दाम या कक्षात आले."

मला अर्धंअधिक कळलंच होतं.

"मग मान्य करा ना, बाई. त्याचं नाव कोरं होईल."

"खातं मिटलं की ओळ बंद. ओळ बंद झाली की त्याला जेवायला कोण घालेल? जोवर हिशेब चालू आहे तोवर ते घालतात. ती त्यांची शिस्त आहे."

"बाई," मी हळूच म्हणालो, "तिथे छावणी नाहीये. चौदा वर्षांपूर्वीच बंद झाली."

"माहीत आहे मला."

"मग तिथे कोणी असणार कसं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझी कीव आली असावी. "मग जेवतो कोण?" त्या म्हणाल्या.

हा प्रश्न मी आजही स्वतःला विचारतो.

"तुम्ही त्याला परत का नाही मागितलं?"

"मागितलं की. चाळीस वेळा लिहिलंय. उत्तर येतं, अशा वर्णनाची कुणी व्यक्ती आमच्या ताब्यात नाही. त्यांच्या पटावर माणूस नाही, फक्त खर्च आहे. मी म्हटलं, खर्च तर खर्च. एक दिवस तो स्वतःच निघून येईल. तोवर उपाशी राहू नये, एवढंच माझ्या हातात होतं."

मुदतीला दहा दिवस उरले आणि बाईंची आई घरात पडली. बाई रजेवर गेल्या. मी त्यांच्या काही सह्या घ्यायला घरी गेलो. कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्या, अरुंद जिना. बाई औषध आणायला गेल्या होत्या. आजी खिडकीशी पलंगावर बसलेल्या, पाय पट्टीत बांधलेला, पण आवाज खणखणीत.

"तू तिच्या हापिसातला ना?" त्यांनी विचारलं. "ये, बस. तिथे सह्या तू पण करतोस का?"

"करतो, आजी. बाई नसल्या तर मीच."

"मग माझं एक काम कर. माझा मुलगा सरकारचं तेल विकून पळाला, असं लिहून ठेवलंय तुम्ही लोकांनी. खालच्या दुकानात मोडकं कुलूप घेऊन आलेले लोकसुद्धा वर बघतात, पळपुट्याची आई राहते ना, म्हणतात. बावीस वर्षं ऐकतेय मी. तो गाडी घेऊन निघाला त्या दिवशी मला म्हणाला, आई, परवा येतो. जो परवा येतो म्हणतो तो पळून जाणारा नसतो." त्यांनी माझं मनगट धरलं. "मी आता किती दिवसांची? तेवढं खोडलेलं बघून मला डोळे मिटायचेत. माझी लेक हे काम करत नाही. का करत नाही, देवाला ठाऊक. तू कर."

बाईंनी आईला त्या ओळीबद्दल कधीच सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. कसं सांगणार? म्हाताऱ्या बाईला काय म्हणायचं, तुमचा मुलगा गवत वाढलेल्या, कुलूप लावलेल्या छावणीत रोज दोन वेळा जेवतो, आणि त्याला आता चष्मा लागलाय? मी हो म्हणालो. उतरताना जिन्यात बाई भेटल्या, औषधाची पुडी हातात. "काही म्हणाली का आई?" त्यांनी विचारलं. "नाही," मी म्हणालो. आयुष्यात खोटं पुष्कळ बोललो असेन, पण हे एक अजून टोचतं.

शुक्रवारी मुदत संपत होती. बाई सोमवारी येणार होत्या. मॅडमकडे दोन दिवस मागितले असते तर त्यांनी दिले असते, इतक्या काही त्या दगड नव्हत्या. मी मागितले नाहीत. मला भीती होती की बाई आल्या तर पुन्हा आक्षेप घेतील, आणि आजी तशाच जातील. आणि खरं सांगायचं तर मला त्या चिठ्ठ्यांची भीती वाटत होती. कपाट उघडलं की तो ओल्या राखेचा वास यायचा, आणि मला हे सगळं एकदाचं संपायला हवं होतं. मी वजावट मान्य करणाऱ्या कागदावर सही केली. खातं बंद, असा शिक्का मारला. त्या संध्याकाळी घरी जाताना मला हलकं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

सोमवारी बाई आल्या. मी सरळ सांगून टाकलं. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या फक्त खुर्चीत बसल्या.

"शुक्रवारी?"

"हो."

"किती वाजता?"

"दुपारी. तीन वाजले असतील."

"म्हणजे संध्याकाळच्या जेवणाआधी," बाई म्हणाल्या.

पुढचं सगळं मॅडमनी सांगितलं होतं तसंच झालं. भागीदार सैन्याने एकवीस दिवसांत संपूर्ण रक्कम भरली. मोठ्या साहेबांचं वरून कौतुक झालं, त्यांनी आम्हाला चहा पाजला. डेपोचं पत्र आलं: सदर चालक कर्तव्यावर पोचल्याचे निष्पन्न झाल्याने 'फरार' हा शेरा रद्द करण्यात येत आहे. कापलेले पैसे व्याजासकट आजींना मिळाले. मी पत्र द्यायला बाईंबरोबर गेलो. आजींनी ते तीनदा वाचून घेतलं, मग खालच्या कुलूपवाल्याला वर बोलावून चौथ्यांदा त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. तोही वाचता वाचता ओशाळला. आजी हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

"आता नाव कोरं झालं," त्या बाईंना म्हणाल्या. "इतके दिवस लाजेने येत नसेल. आता येईल बघ."

जिना उतरताना बाई थांबल्या. "तुझा मला राग येतो," त्या म्हणाल्या. "आणि आईकडे बघितलं की येत नाही. मी काय करू, तूच सांग."



तिमाही संपली. त्या छावणीचं खातं बंद होतं, त्यामुळे काही यायचा प्रश्नच नव्हता. तरीही दहाव्या दिवशी टपालात पाकीट आलं. संपर्क अधिकाऱ्याने सोबत चिठ्ठी जोडली होती: 'ही थैली शेवटची असावी. आत एवढाच कागद होता.' पाकीट हातात घेताच वास आला, मला आणि शिपायालाही. त्याने पाकीट टेबलावर टाकलं आणि हात कपड्याला पुसले. मला ते फाडून केराच्या टोपलीत टाकायचं होतं. देवाशप्पथ, टाकलंही असतं. पण बाई दारात उभ्या होत्या.

त्यांनी पाकीट उघडलं. कागदावर चार ओळी होत्या. मी त्यांच्या खांद्यावरून वाचल्या.

'चालक, एक. भोजन व निवास, दिवस ४१. अखेरच्या दिवशी भोजन एक वेळ.

चादर, एक.

खड्डा खणणे, कामगार दोन, अर्धा दिवस.

एकूण येणे, साठ दिवसांत.'

तिमाहीच्या पहिल्या तारखेपासून मी सही केली त्या शुक्रवारपर्यंत एक्केचाळीस दिवस होतात. मी मनात मोजले, मग कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले, मग पुन्हा मोजले. मी काहीतरी बोलायला गेलो, माफी मागायला, तिथे कुणी नव्हतंच असं सांगायला, काय ते मलाही माहीत नाही.

बाई शांतपणे बसल्या. कागद टेबलावर ठेवून त्यांनी तो हाताने सपाट केला, पोराच्या कपाळावरून हात फिरवावा तसा.

"दोघांना अर्धा दिवस लागला," त्या म्हणाल्या. "जमीन कडक असणार तिथली. पण नीट खोल खणलेलं दिसतंय."

मग त्यांनी देयकाचा कोरा अर्ज घेतला आणि भरायला लागल्या. पुरावा मागितला नाही, एकाही बाबीवर खूण केली नाही.

"बाई," मी कसाबसा म्हणालो, "साठ दिवस आहेत."

"हे आजच गेलं पाहिजे. याचे पैसे थकवायचे नसतात."

रकाने भरून झाले. बाईंनी अर्ज फिरवून माझ्यासमोर ठेवला आणि पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.

"खातं मिटवण्यावर सही तुझी होती," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. "यावरही तूच कर."

मी सही केली आणि खाली तारीख घातली.